ढोके आणि अल्पसा आजार

ढोके कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती सरकवत. चार बोटं का होईना, पण सरकवतच. ऑफिसात, बँकेत, लग्नाच्या मांडवात, कुठंही. एकदा सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला गेले, तर तिथला बाक फरशीत पक्का केलेला. ढोके नंबर येईपर्यंत उभे राहिले.

"बसला का नाहीत?" मी नंतर विचारलं.

"थो बाक हालून नाई राहिला, मॅडम. म्हंजे मी कुठं बसाचं थे दवाखान्यानं ठरोलेलं. मंग दवाखान्यानंच बसावं."

अमरावतीतल्या एका लहान दैनिकात मी तेव्हा छोट्या जाहिरातींचा काउंटर सांभाळत होते. घर भाड्याने देणे आहे, वधू पाहिजे, हरवले आहे आणि कळविण्यास अत्यंत दुःख होते, हे चारही प्रकार माझ्याच टेबलावर यायचे. ढोके ऑफिसची कॉम्प्युटरं सांभाळायचे. अकोल्याचा माणूस. पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, अंगाने काटकुळा. खिशाला पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. अकोल्यात त्यांचं दुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं असं ऐकलं होतं. ते बंद करून आमच्याकडे कशाला आले, हे कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायला कोणाला वेळही नव्हता.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "निवडलं, का आलं तसं घेतलं?" हा प्रश्न ते माणसाला, वस्तूला, देवाला, कोणालाही लावत. माझा नवा मोबाइल वाजला की म्हणत, "ही धून तुमी निवडली?"

"कंपनीची आहे."

"मंग कंपनीचाच फोन असन. उचलू नका."

मालकांच्या पुतण्याच्या लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. ढोके स्टेजवर चढले, नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं आणि अगदी आपुलकीने विचारलं, "निवडली, का आली तशी घेतली?" नवरदेवाने आधी वडिलांकडे पाहिलं. "कळलं," म्हणाले ढोके, आणि जेवायला गेले. जेवायला म्हणजे पंगतीत. तिथे वाढप्याने मीठ, लिंबू, चटणी ठेवायला सुरुवात केली, तर यांनी पानावर हात आडवा धरला. "मी मागतलं काय?" सगळी पंगत वरणभातावर आली तेव्हा ढोक्यांच्या पानावर फक्त पाण्याचा हात फिरवलेला होता. मग त्यांनी एकेक जिन्नस नावाने मागवला. त्यांचं जेवण उरकेस्तोवर दुसरी पंगत उठली होती.

खाली युसूफभाईंचं चहाचं दुकान होतं. सगळ्या ऑफिसचा चहा एका किटलीत यायचा आणि ढोक्यांचा गिलास वेगळा यायचा. युसूफभाई स्वतः घेऊन येत, कारण पोऱ्यावर भरवसा नव्हता.

"ढोकेसाब, पूरे अमरावती में आपका एक गिलास अलग बनता है. शक्कर नहीं, अदरक नहीं, दूध अलग. ये चाय है या दवाई?"

"साखर बाजूले ठेवा, युसूफभाई. मले वाटलं त मी टाकीन."

"डालते तो कभी नहीं."

"वाटत नाई."

असा माणूस. घरी असता तर मी दोन दिवसांत हाकलला असता. पण ऑफिसात त्यांच्यावाचून चालायचं नाही, कारण मालकांनी सगळ्या मशीनवर लिनक्स आणलं होतं. फुकट मिळतं म्हणून आणलं, आणि ते चालवायला कोणीतरी लागतं म्हणून ढोके आणले.

या लिनक्सचा कारभार मला जेवढा समजला तेवढा सांगते. प्रोग्राम दुकानातून येत नाहीत, एका मोठ्या गोदामातून येतात. प्रत्येकाचं एक गाठोडं असतं, त्याला पॅकेज म्हणायचं. एक गाठोडं मागवलं की त्याच्यासोबत त्याची सासू, नणंद आणि नणंदेची मुलं न बोलावता येतात. कधी कधी नवी सून आली म्हणून घरातलं एखादं जुनं माणूस बाहेरही काढलं जातं. त्यामुळे एकाच कामाला घरात चार-चार प्रोग्राम होतात. मजकूर लिहायचा आहे, पण चौघांपैकी लिहिणार कोण? तर प्रत्येकाच्या कपाळावर एक आकडा चिकटवलेला असतो. कोणी चिकटवला? कुठल्यातरी देशात बसलेल्या कोणीतरी. मशीनला आपोआपवर सोडलं की ज्याचा आकडा मोठा, तो खुर्चीवर. हाताने निवडलं तर मात्र आपण सांगू तोच बसतो, त्याच्यापुढे एक चांदणी येते, आणि मग कितीही मोठ्या आकड्याचा पाहुणा आला तरी तो उठत नाही. फक्त त्यालाच कोणी घराबाहेर काढला, तर मशीन मुकाट्याने परत आपोआपवर जातं.

ढोक्यांनी ऑफिसच्या एकूण एक मशीनवर एकूण एक गोष्ट हातावर घेतली होती. छापायचं कोणी, फोटो उघडायचा कोणी, कॅल्क्युलेटर कोणता. "आपोआप कायबी होत नसते, मॅडम," ते म्हणत. "आपोआप म्हंजे कोनीतरी ठरोलेलं हाय अन् आपल्याले त्याचं नाव मालूम नाई."

एका सकाळी मालकांनी ढोक्यांना न विचारता मशीनं अपडेट केली. ढोके अकोल्याला गेले होते. दर रविवारी जात. संध्याकाळी पान छपाईला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी निधन वार्तांच्या रकान्यात चांदूर रेल्वेच्या एका म्हाताऱ्यांच्या फोटोखाली नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा छापून आला. आमचा मराठी फॉन्ट जुना होता, तो जुन्याच प्रोग्रामला कळायचा. अपडेटने नेमका तोच घराबाहेर काढला होता.

म्हाताऱ्यांचा मुलगा अंक घेऊन आला. भांडायला येईल म्हणून मी तयारीत होते. त्याने अंक टेबलावर पसरला आणि बोट ठेवून विचारलं, "आमच्या बुढ्याचं नाव तुमच्या मशीनले झेपलं नाई काय?"

मी माफी मागितली, दुसऱ्या दिवशी पुन्हा छापतो म्हटलं. "छापा," तो म्हणाला. "तसं जिवंतपनी बी कोनी सरळ घेतलं नाई त्याचं नाव."

ढोक्यांनी जुना प्रोग्राम परत आणला, हाताने निवडला, चांदणी आली. मी मशीनवर फाइल उघडली. पुन्हा भुसा. त्यांनी पाहिलं, चांदणी जागेवर. फाइल उघडली, भुसा. मशीन बंद करून चालू केलं. भुसा. दुपारपर्यंत ढोक्यांनी खुर्ची इतक्या वेळा सरकवली की ती दाराशी पोचली.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "मॅडम, इथं दोन जागी ठरते. येक साऱ्या मशीनचं, अन् येक ज्याच्या त्याच्या खात्याचं. मशीनचं म्या दुरुस्त केलं. पन तुमचं खातं मशीनचं ऐकत नाई, थे तुमचं ऐकते. काल काही विचारलं होतं का त्यानं?"

विचारलं होतं. 'यापुढे नेहमी यातच उघडू का?' असा चौकोन आला होता आणि मी 'हो' दाबलं होतं. काउंटरवर चार माणसं उभी असताना चौकोन वाचत बसायला मी रिकामी नव्हते.

"वाचलं नाई ना? मंग थे तुमी निवडलं नाई. आलं तसं घेतलं," ढोके म्हणाले आणि माझ्या खात्यातली नोंद पुसली. फाइल उघडली. चांदूर रेल्वेचे म्हातारे स्पष्ट मराठीत परत आले.

त्या दिवशी ढोक्यांनी पहिल्यांदा निधन वार्तेची चौकट नीट वाचली असं मला वाटलं. जुना प्रोग्राम उघडला की ती तयारच यायची. मशीनं बदलली तरी चौकट जुन्यावरून नव्यावर उचलून आणलेली. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की,' मग नावाला जागा, गावाला जागा, वयाला जागा, आणि 'यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.' मी फक्त जागा भरायची.

"हे अल्पशा आजाराने कोनं टाकलं?"

"असतंच ते."

"कोनं टाकलं थे विचारून राहिलो."

"ढोके, मी इथं आले तेव्हापासून आहे. माझ्या आधीच्या बाईंच्या वेळीही होतं."

त्यांनी मागचे अंक काढून टेबलावर पसरले. भातकुली, अल्पशा आजाराने. नांदगाव खंडेश्वर, अल्पशा आजाराने. चांदूर रेल्वे, अल्पशा आजाराने. फोटोतली माणसं तिशीतली, चाळिशीतली, शर्टाची वरची गुंडी लावलेली, कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून काढलेली. ती वर्षंच तशी होती. आमच्याच पेपरात पहिल्या पानावर शेतकरी आत्महत्यांचा आकडा यायचा आणि आतल्या पानावर तीच माणसं अल्पशा आजाराने जायची. दोन्ही पानं एकाच टेबलावरून जात होती, तरी ती एकमेकांना कधी भेटली नव्हती.

"हा अल्पसा आजार कोनता हाय, मॅडम?" ढोके म्हणाले. "साथ लय पसरली जिल्ह्यात. दवाखान्यात त कोनी दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी मी मशीन लावलं तर चौकटीतून ते दोन शब्द गेले होते. तिथे रिकामी जागा, आणि ती भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नव्हती.

दुपारी नांदगाव खंडेश्वरकडचे दोघं आले. एक बाई आणि तिचा दीर. बाईचा नवरा गेला होता. नाव झालं, गाव झालं, वय झालं. मग रिकाम्या जागेत कर्सरची रेघ उघडझाप करायला लागली.

"कशानं गेले?" मी विचारलं.

दीर म्हणाला, "तुमी नेहमी काय लिहिता?"

"तुम्ही सांगाल ते."

"पेपरात येते ना, थेच लिहा."

"काय येतं?"

बाई माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होती. दीर टेबलावर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, पोलीस झाले, तलाठी झाला. इथं बी पंचनामाच हाय काय?"

मी हाताने 'अल्पशा आजाराने' टाइप केलं आणि त्यांना मोकळं केलं. ते गेल्यावर उठून ढोक्यांच्या टेबलापाशी गेले.

"उद्यापासून ती चौकट होती तशी पाहिजे."

"होती तशी म्हंजे कोनं ठरोली तशी?"

"मला माहीत नाही आणि मला काम आहे. काउंटरवर तुम्ही बसत नाही, मी बसते."

"मानूस मेला कवा थे लिहाचं, मयत किती वाजता निंघन थे लिहाचं, अन् कशानं मेला थे लिहाचं नाई?"

"नाही लिहायचं. घरच्यांना नको असेल तर नाही."

"घरच्याईले विचारलं कोनं? चौकटीतच होतं."

आमचं हे भांडण बरेच दिवस चाललं. ते जागा रिकामी ठेवत, मी ती हाताने भरत असे. पुढे पुढे माझी बोटं पडद्याकडे न बघता ते दोन शब्द टाइप करायला लागली. ढोके मागे उभे राहून बघत. एकदा म्हणाले, "मशीनमधून काढलं त तुमीच मशीन झाल्या." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

मग एका दुपारी ते माझ्या टेबलाखाली वायरी सारखी करत होते. फक्त पाय बाहेर. समोर गिऱ्हाईक नव्हतं. मी आडवळणाने विचारणारी बाई नाही.

"ढोके, तुमचं कोण गेलं?"

टेबलाखाली स्क्रू ड्रायव्हर थांबला. "जवाई."

"बहिणीचे यजमान?"

"हाव. लहान बहीन हाय, कुसुम. अकोल्याच्या जवळच देली होती." वायर ओढल्याचा आवाज. "वावरातून थेट दवाखान्यात नेलं त्याईले. दोन दिवस होते. वाचले नाई. साऱ्या गावाले मालूम हाय काय झालं थे. आपल्याच पेपरात आलं, अकोल्याच्या पानावर. अल्पशा आजाराने."

टेबलाखालून बोलणं त्यांना सोपं जात असावं, कारण ते बोलत राहिले. कुसुमचे सासरे, आबाजी, म्हातारे, डोळ्यांनी अधू. ते रोज उठून तिला ऐकवत होते, माझ्या पोराला साधा आजार झाला होता, तू वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस. पेपरात आलं होतं, अल्पसा आजार. अल्पशा आजाराने कोणी मरतं का? तू मारलंस. ढोके दर रविवारी जात तेव्हा हे त्यांच्यासमोरही चालायचं. कुसुम खाली मान घालून भाकरी थापायची.

"मशीननं टाकलं थे, मॅडम. कोनी सांगतलं नसन. कोनी निवडलं नाई, कोनी वाचलं नाई, चौकटीत होतं म्हनून छापलं. अन् थे माह्या बहिनीच्या नावावर चढलं. कुठून आलं थे पायाचं होतं. म्हनून लागलो इथं."

तेव्हा मला कळलं, की चौकट ढोक्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली नव्हती. ते पहिल्या दिवसापासून तिच्याचकडे बघत होते.

ते टेबलाखालून निघाले, गुडघे झटकले. "येत्या मंगळवारी जवाईचं पुण्यस्मरण हाय. मी मजकूर केला."

त्यांनी दाखवला. नाव, फोटो, तिथी, आणि खाली, 'यांनी स्वतःच्या हाताने जीव दिला. त्यांच्या पत्नीने त्यांना ताबडतोब दवाखान्यात नेले होते. तिची काही चूक नव्हती.' इतकी वर्षं मी निधन वार्ता छापत होते. इतका सरळ मजकूर माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

"बहिणीला विचारलंत?"

"तिले काय विचाराचं? तिच्याचसाठी त करून राहिलो. मंगळवारचा पेपर आबाजीले वाचून दाखव, एवढं सांगतलं फोनवर."

सोमवारी सकाळी काउंटर उघडला तर पायरीवर एक बाई बसलेली होती. मांडीवर कापडी पिशवी. पहाटेच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला आणि तिथून ऑटोने. "ढोके इथंच बसतात काय?" तिने विचारलं, आणि मी नाव न विचारता ओळखलं. तोच काटकुळा बांधा, तीच हनुवटी.

ढोके आले, तिला बघून दारातच थांबले. "कुसुम? आबाजी बरे हायत ना?"

"बरे हायत. शेजारनीच्या भरवशावर टाकून आली. तू काय छापून राहिला, दादा?"

त्यांनी मशीन लावलं. तिला खुर्ची दिली. ती होती तिथेच बसली, सरकवली नाही. तिने मजकूर वाचला. हळूहळू, एकेका शब्दावर बोट ठेवून, पडद्याला बोटाचे ठसे उमटवत.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"आबाजी तुले रोज बोलतात—"

"बोलू दे."

"तुह्यी चूक नाई, कुसुम. थे मशीननं टाकलं होतं. मी पायलं, चौकटीतच होतं, आधीपासून—"

"मशीननं नाई टाकलं. मी सांगतलं होतं."

ढोके तिच्याकडे बघत राहिले. "कोनाले?"

"अकोल्याच्या तुमच्या मानसाले. थो घरी आला होता फोटो न्यायले. मी म्हनलं, आजारानं गेले असं लिहा. थो म्हने, बाई, थे असतेच त्याच्यात, सांगाची गरज नाई. मी म्हनलं, असन. पन मी सांगून राहिली म्हनून टाका."

"काहून?"

तिने पदर सारखा केला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी रजिस्टर उघडून त्यात डोकं घातलं, पण उठले नाही.

"त्या दिवशी सकाळी आबाजी त्याईले बोलले होते. ओसरीवर, माह्यासमोर. तुह्याच्यानं शेती होत नाई, म्हने, घरी बसून बांगड्या भर. बाप पोराले बोलते तसं. रोजच बोलत. मंग हे वावरात गेले. आबाजीले दिसत नाई. शेजारचे मास्तर पेपर वाचून दाखवतात. साऱ्या गावाले मालूम हाय, पन त्याईच्या कानावर कोनी जाऊ देल्लं नाई. त्याईले वाटते पोटाचा आजार झाला अन् मी वेळेवर नेलं नाई. वाटू दे. मले बोलतात, बोलून थकतात, मंग दोन घास खातात. हे कळलं त खातीन काय?"

"अन् तू? तू जलमभर ऐकून घेशील?"

"मले मालूम हाय ना मी नेलं होतं थे."

तेवढ्यात युसूफभाई चहा घेऊन आले. पाहुणी आहे म्हणून त्यांनी किटलीतलेच दोन कप भरून आणले होते. ढोक्यांचा गिलास आणायला परत वळले, पण मी मानेनेच नको म्हटलं.

ढोक्यांनी मजकूर पुसला. एकदम नाही, एकेक अक्षर, मागून पुढे. शेवटी नाव आणि फोटो उरला. "मंग काय लिहू?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"मागच्या वर्षीचंच राहू दे. फोटो थोच. पोट्टीचं नाव टाक खाली, शोकाकुल मधे. यंदा दहावीले हाय." तिने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. "भाकर खाऊन घेजो. वांग्याची भाजी हाय. तिखट कमी टाकलं, तुले चालत नाई म्हनून."

ढोक्यांनी डबा उघडून पाहिला नाही, 'मी मागतलं काय?' असंही विचारलं नाही. ते तिला ऑटोपर्यंत सोडायला गेले.

परत आल्यावर दिवसभर मशीनशी बसले. संध्याकाळी मला बोलावलं. चौकटीत ते दोन शब्द परत आले होते. पण फाइल तिथे येऊन थांबत होती, आणि एक बटण दाबल्याशिवाय पुढे जात नव्हती.

"राहू द्याचं असन त दाबा. पुसाचं असन त पुसा," ढोके म्हणाले. "पन दाबाच्या आधी समोरच्याकडं येकदा पायजा. विचारू नका. पायजा फक्त."

हे मला पटलं. काउंटरवर वेळ जात नव्हता आणि कोणाचा पंचनामाही होत नव्हता. मी तसंच करू लागले. एखादा नजर चुकवायचा, एखादी मान हलवायची, एखादा सरळ म्हणायचा, राहू द्या. पुसायला सांगणारं क्वचितच कोणी आलं. आलं ते पुसून गेलं.

ढोके पुढच्या रविवारी नेहमीसारखे अकोल्याला गेले. सोमवारी आले ते थेट माझ्या टेबलापाशी. उभेच राहिले.

"मास्तर गावाले गेले होते," ते म्हणाले. "मंगळवारचा पेपर आबाजीनं माह्यासाठी ठेवला होता. म्हने, पुन्हा येकदा वाचून दाखव. मी वाचला."

"मग?"

"नातीचं नाव छापून आलं म्हनून खूश झाले. मंग नेहमीचंच. चांगला पोरगा होता, साधा आजार होता, हिनं वेळेवर नेलं असतं त वाचला असता. कुसुम चुलीपाशी होती." त्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला, बघितला, परत ठेवला. "इतके दिवस मी भांडत होतो, मॅडम. दर रविवारी. बुढ्याले वाट्टेल थे बोलत होतो. काल थे म्हने, खरं हाय का नाई, सांग तू. तिचा भाऊ हायस, तू सांग."

"काय सांगितलंत?"

"हाव म्हनलं."

ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर, ती होती तिथेच, बसले. युसूफभाईंचा माणूस किटली घेऊन आला. त्याला वेगळ्या गिलासाचं माहीत नव्हतं, नवीनच होता. त्याने दोन कप भरले, एक माझ्यापुढे, एक ढोक्यांपुढे. साखर घातलेला चहा होता. ढोके तो प्यायले.